बॉक्सिंग डेची अवे मॅच : रेल्वे बंद असताना जायचं कसं, यायचं कसं

इंग्लंडमध्ये नव्याने आलेल्या फुटबॉलवेड्याला डिसेंबरात एक गोष्ट हमखास चकवते. २६ तारखेला, म्हणजे बॉक्सिंग डेला, देशभर मॅच असतात आणि नेमकी त्याच दिवशी देशातली बहुतेक रेल्वे बंद असते. आपला क्लब घरच्या मैदानावर खेळत असेल तर फारसं बिघडत नाही. दुसऱ्याच्या गावी, म्हणजे ‘अवे’ असेल, तर मात्र नोव्हेंबरातच हातपाय हलवावे लागतात. लेस्टर, कॉव्हेंट्री, मँचेस्टर, न्यूकॅसल अशा शहरांत शिकायला किंवा नोकरीला आलेल्या आणि पहिल्यांदाच अवे मॅचला निघालेल्या मराठी मंडळींसाठी हे लिहितो आहे.

ही प्रथा जुनी आहे. शेफिल्ड आणि हॅलम या दोन क्लबांमधली पहिली मॅच २६ डिसेंबर १८६० रोजी सँडीगेटच्या मैदानावर झाली. पुढे कित्येक दशकं ख्रिसमसच्या दिवशीही मॅच व्हायच्या आणि सुट्टीच्या दिवसांत एकाच प्रतिस्पर्ध्याशी लागोपाठ दोनदा खेळायची पद्धत होती. १९६३ च्या बॉक्सिंग डेला पहिल्या डिव्हिजनच्या, म्हणजे तेव्हाच्या सर्वांत वरच्या लीगच्या, १० मॅचमध्ये ६६ गोल झाले. फुलहॅमने इप्सविचला १०-१ असं धुतलं, आणि दोनच दिवसांनी इप्सविचने त्यांना ४-२ असं हरवून उट्टं काढलं. इंग्लिश लीगमधली ख्रिसमसच्या दिवसाची शेवटची मॅच १९६५ ची, ब्लॅकपूल विरुद्ध ब्लॅकबर्न. त्या काळी सुट्टीतही गाड्या धावत. गाड्या थांबल्या, ख्रिसमसच्या मॅचही थांबल्या, पण बॉक्सिंग डेच्या मॅच तेवढ्या राहिल्या.

आधी, नेमकं काय बंद असतं

२४ तारखेला दुपारनंतर गाड्या कमी होत जातात आणि संध्याकाळी बऱ्याच लवकर शेवटची गाडी निघून जाते. २५ ला नॅशनल रेल, म्हणजे देशभरची रेल्वे, पूर्ण बंद. २६ ला काही मोजके मार्ग, उदाहरणार्थ विमानतळाकडचे, थोडेफार चालतात; बाकी इंग्लंडभर शुकशुकाट. २७ ला गाड्या सुरू होतात, त्याही उशिरा आणि अर्धवट. कारण या दिवसांत प्रवासी कमी म्हणून रेल्वेमार्ग सांभाळणारी नेटवर्क रेल ही संस्था रुळांची, पुलांची, सिग्नलची मोठी कामं काढते. मुंबईच्या रविवारच्या मेगाब्लॉकसारखंच हे, फक्त देशभर आणि सलग काही दिवस.

कामं वेळेत संपतीलच असंही नाही. २७ डिसेंबर २०१४ ला किंग्ज क्रॉसचं काम लांबलं आणि उत्तरेकडच्या गाड्या फिन्सबरी पार्क या लहान स्टेशनातून सोडल्या. स्टेशनाबाहेर रांगाच रांगा लागल्या. म्हणून २७ ला सकाळी ऑफिसात हजर व्हायचं असेल, तर २६ ला लांबच्या मॅचचा विचारच करू नका.

लंडनची गोष्ट वेगळी. ट्यूब (तिथली भुयारी रेल्वे) आणि बस ख्रिसमसला बंद असतात, पण बॉक्सिंग डेला चालतात; सकाळी जरा उशिरा, रविवारच्या धर्तीवर. त्यामुळे दोन्ही क्लब लंडनचे असतील तर गाडी काढू नका. फक्त मैदानाजवळचं स्टेशन कुठल्या रेल्वेचं आहे ते पाहा. फुलहॅमला पटनी ब्रिज ट्यूब आहे, तिथून नदीकाठाने चालत जाता येतं. क्रिस्टल पॅलेसच्या सेल्हर्स्ट पार्कला ट्यूबच नाही. एरवी तिथली सगळी भिस्त नॅशनल रेल आणि ओव्हरग्राउंड या लंडनच्या लोकलवर असते, त्यामुळे त्या दिवशी बसने, वेळ हाताशी ठेवून जावं लागतं. टॉटनमला व्हिक्टोरिया लाइनने सेव्हन सिस्टर्सपर्यंत जाऊन पुढे सरळ हाय रोडने अर्धा तास चाल.

लंडनबाहेर शहरागणिक फरक. कुठे ट्राम चालते, कुठे बस अजिबात नसते. त्या त्या शहराच्या वाहतूक संस्थेचं सुट्टीचं वेळापत्रक डिसेंबरच्या सुरुवातीला लागतं, तेवढंच ग्राह्य धरा. गूगल मॅप्सवर त्या दिवशीची बस दिसली म्हणून ती येईलच असं नाही.

मॅच कुठली निवडाल

फिक्स्चर (सामन्यांचं वेळापत्रक) जूनमध्येच जाहीर होतात, पण ती तारीख आणि वेळ कच्ची समजायची. टीव्हीवाले मॅच उचलतात आणि दुपारी ३ ची मॅच साडेबाराला नाहीतर रात्री ८ ला जाते. २०२५ च्या बॉक्सिंग डेला प्रीमियर लीगची, म्हणजे सर्वांत वरच्या लीगची, एकच मॅच होती, मँचेस्टर युनायटेड विरुद्ध न्यूकॅसल, आणि तीही रात्री ८ ला. न्यूकॅसलहून ओल्ड ट्रॅफर्ड सुमारे दीडशे मैल. मॅच संपते दहाच्या सुमारास, परतीला गाडी नाही, बाहेर गोठवणारी थंडी. ज्यांनी हे केलं त्यांना सलाम, पण पहिल्या खेपेला तुम्ही करू नका.

माझं मत स्पष्ट आहे : पहिली अवे मॅच चॅम्पियनशिप, लीग वन किंवा लीग टू या प्रीमियर लीगखालच्या तीन लीगांमधली घ्या, आणि एका बाजूला दीड-दोन तासांत पोचता येईल अशीच. त्या तिन्ही लीगमध्ये बॉक्सिंग डेला भरगच्च कार्यक्रम असतो. त्याखालच्या नॅशनल लीगमध्ये तर या दिवसांत बऱ्याचदा शेजारच्या क्लबांच्याच जोड्या लावतात. लिव्हरपूल किंवा आर्सेनलच्या अवे एंडला, म्हणजे पाहुण्या चाहत्यांच्या भागात, नवख्याला तिकीट मिळणं जवळपास अशक्य असतं. तिथे अवे चाहत्यांना ३,००० किंवा मैदानाच्या क्षमतेच्या १० टक्के, जे कमी असेल तेवढीच तिकिटं मिळतात, आणि ती आधी वर्षानुवर्षं फिरणाऱ्यांना, लॉयल्टी पॉइंटच्या क्रमाने जातात. प्रीमियर लीगमध्ये २०१६-१७ पासून अवे तिकीट जास्तीत जास्त ३० पौंडांना, ते चाहत्यांच्या संघटनांनी भांडून मिळवलेलं आहे. पण स्वस्त म्हणूनच त्यावर उड्या पडतात.

तिकिटाआधी परतीचं पक्कं करा

सगळ्यात महत्त्वाचा क्रम हाच. जाण्याची सोय कशीही होते, कोणीतरी सोडतं. अडतं ते परत येताना. परतीचं वाहन नक्की झाल्याशिवाय मॅचचं तिकीट काढू नका. आणि वेळ टीव्हीसाठी हलू शकते तोवर पैसे परत न मिळणारं हॉटेल किंवा कोच (लांब पल्ल्याची बस) बुक करू नका.

तिकीट फक्त आपल्या क्लबकडून, अवे एंडचंच घ्या. घरच्या स्टँडमध्ये सीट मिळते आहे म्हणून तिकडे बसलात आणि गोल झाल्यावर उडी मारलीत, तर स्टुअर्ड (मैदानावरचे व्यवस्था पाहणारे कर्मचारी) तुम्हाला बाहेर काढतील. दुसरं, समाजमाध्यमांवर किंवा मैदानाबाहेर कोणी जादा तिकीट विकत असेल तर त्या वाटेला जाऊ नका. फुटबॉलचं तिकीट परवानगीशिवाय विकणं हा १९९४ च्या कायद्याने इथे गुन्हा आहे. आणि तिकीट रद्द केलेलं निघालं, तर बॉक्सिंग डेच्या दुपारी परक्या गावात रस्त्यावर उभं राहण्याची पाळी तुमच्यावर येते.

पहिली पसंती : सपोर्टर्स क्लबचा कोच

जवळपास प्रत्येक क्लबचे अधिकृत किंवा चाहत्यांनी चालवलेले कोच असतात. बॉक्सिंग डेला रेल्वे नसल्यामुळे ते लवकर भरतात, म्हणून तिकीट विक्रीची तारीख जाहीर झाली की त्याच दिवशी कोचची चौकशी करा. फायदा असा की मॅचची वेळ बदलली की कोचची वेळ आपोआप बदलते, कोच उभा राहायची जागा ठरलेली असते, आणि ड्रायव्हर तुम्ही नसता. शिवाय आपल्यासारख्या नव्या माणसाला गाणी कळतात, कुठला पब आपला आणि कुठला त्यांचा ते कळतं. पहिल्या तासाभरात कोणीतरी ‘तू कुठला?’ विचारतं आणि पुढचा प्रवास पुणे की मुंबई, क्रिकेट की फुटबॉल यात सरतो.

खरी अडचण असते ती कोचपर्यंत पोचायची. सकाळी साडेसातला कुठल्याशा पबच्या पार्किंगमधून कोच सुटणार, बाहेर मिट्ट काळोख, आणि तुमच्या घराजवळची सिटी बस त्या दिवशी धावतच नाही. टॅक्सी आठवडाभर आधी, फोन करून सांगून ठेवा. ॲपवर ऐनवेळी मिळेल या भरवशावर राहू नका, आणि सुट्टीचा जादा आकार धरूनच चला. चालत अर्धा-पाऊण तास असेल तर सरळ चालत जा. क्लबला विचारलं तर त्याच भागातून येणाऱ्या एखाद्या चाहत्याच्या गाडीत जागा निघते, पण विचारावं लागतं.

कोचमध्ये दारू नाही. हा क्लबचा शिष्टाचार नाही, १९८५ चा कायदा आहे. प्रीमियर लीग आणि ईएफएलच्या (म्हणजे त्याखालच्या त्याच तीन लीगांच्या) मॅचला चाहते घेऊन जाणाऱ्या कोचमध्ये दारू बाळगणं हा गुन्हा आहे आणि पिऊन तर्र होऊन बसणं हाही. आठांहून जास्त प्रवासी बसतील अशी मिनीबस तुम्ही मित्र मिळून केलीत, तरी तोच नियम. वाटेत पोलीस कोच थांबवून पाहतात. त्यामुळे ‘ख्रिसमसचे चार कॅन उरलेत, घेऊ का?’ या प्रश्नाचं उत्तर नाही असंच आहे.

दुसरी पसंती : गाडी

इथे जरा थांबून वाचा, कारण भारतातून आलेल्यांचं चुकतं ते इथेच.

भारतीय लायसन्सवर ग्रेट ब्रिटनमध्ये राहायला आल्यापासून १२ महिने गाडी चालवता येते. त्यानंतर इथलं प्रोव्हिजनल (शिकाऊ) लायसन्स घेऊन परीक्षा द्यावी लागते. त्या १२ महिन्यांतही गाडी छोटी हवी, ड्रायव्हर सोडून जास्तीत जास्त आठ सीटची. सतरा सीटची मिनीबस भाड्याने घेऊन अख्ख्या होस्टेलला न्यायचा बेत असेल तर तो सोडून द्या.

विमा. आपल्याकडे विमा गाडीचा असतो, लायसन्स असलेला कोणीही चालवतो. इथे विमा गाडी आणि ड्रायव्हर या जोडीचा असतो. मित्राच्या गाडीच्या पॉलिसीत तुमचं नाव नसेल, तर ‘तासभर तू घे, मी डोळे मिटतो’ म्हणून स्टीअरिंग हातात घेणं म्हणजे विनाविमा गाडी चालवणं. दंड ३०० पौंड, लायसन्सवर ६ पॉइंट, आणि गाडी जागेवर जप्त होऊ शकते. रस्त्यावरचे कॅमेरे नंबरप्लेट वाचून विमा आहे की नाही ते तपासतात, म्हणजे पोलिसाने हात दाखवायची वाटही पाहावी लागत नाही. दोघं चालवणार असाल तर दुसऱ्याचं नाव आधी घालून घ्या. दिवसापुरता विमाही मिळतो, मात्र परदेशी लायसन्सवर तो देणाऱ्या कंपन्या थोड्या आणि महाग. पेट्रोलचे पैसे वाटून घ्यायला हरकत नाही, पण वर नफा काढलात तर ते भाडं ठरतं आणि विमा हातचा जातो.

भाड्याची गाडी घेणार असाल तर २५ आणि २६ ला बहुतेक काउंटर बंद असतात हे धरून चाला. २४ ला दुपारपर्यंत उचलायची आणि २७ ला किंवा नंतर परत करायची, म्हणजे भाडं तीन-चार दिवसांचं. पंचविशीच्या आतल्यांना जादा पैसे पडतात, आणि अनामत रक्कम क्रेडिट कार्डावरच मागतात. चौघांत वाटलं तरी कोचपेक्षा महागच जातं. सोय होते हे खरं.

रस्त्याचे पैसे. लंडनचा कंजेशन चार्ज (मध्य लंडनमध्ये गाडी नेण्याचं शुल्क) ख्रिसमसपासून नववर्षाच्या सुट्टीपर्यंत नसतो, हे ऐकून लोक निर्धास्त होतात. पण युलेझ, म्हणजे जास्त धूर सोडणाऱ्या गाड्यांवरचा आकार, वेगळा. तो फक्त २५ डिसेंबरला नसतो. २६ ला जुन्या, नियमात न बसणाऱ्या गाडीला १२.५० पौंड द्यावेच लागतात. गाडीचा नंबर टीएफएल या लंडनच्या वाहतूक संस्थेच्या साइटवर टाकून आधी पाहा. लंडनच्या पूर्वेला डार्टफर्डपाशी थेम्स ओलांडताना टोलनाका दिसणार नाही, कोणी थांबवणार नाही, पण पैसे दुसऱ्या दिवशी मध्यरात्रीपर्यंत ऑनलाइन भरायचे. विसरलात की घरी दंडाचा लिफाफा.

आदल्या दिवशी ख्रिसमस असतो, हे सांगायला नको. रात्री उशिरापर्यंत प्यायली असेल तर सकाळी डोकं हलकं वाटलं तरी रक्तातलं दारूचं प्रमाण मर्यादेच्या वर असू शकतं. ड्रायव्हर ठरला असेल तर त्याला २५ च्या रात्री ग्लास धरू देऊ नका. स्कॉटलंडमध्ये जाणार असाल तर तिथली मर्यादा इंग्लंडपेक्षा कमी आहे, हेही त्याच्या कानावर घाला.

सूर्य चारच्या सुमारासच मावळतो. तीनची मॅच संपून तुम्ही गाडीपाशी येईपर्यंत रात्रच झालेली असते. लँकशायर-यॉर्कशरमधून एम-६२ ने जाणार असाल तर पेनाइन डोंगरावर तो रस्ता ३७२ मीटरपर्यंत चढतो. इंग्लंडमधला सर्वांत उंच मोटरवे तोच. खाली पाऊस असतो तेव्हा वर धुकं नाहीतर बर्फ असू शकतो. काचेवरचं पाणी गोठू नये म्हणून वॉशरमध्ये हिवाळ्याचं द्रावण भरा, बर्फ खरवडायची पट्टी ठेवा, आणि टाकी २४ लाच भरून घ्या.

पोटापाण्याची चिंता मात्र नको. मोटरवेवरची सर्व्हिस स्टेशनं नियमानेच वर्षाचे ३६५ दिवस, २४ तास उघडी ठेवावी लागतात. स्वच्छतागृह, पेट्रोल, आणि दोन तास मोफत पार्किंग. तिसऱ्या तासाला कॅमेरा तुमची गाडी टिपतो, तेव्हा डुलकी काढायची असेल तर मोबाइलवर अलार्म लावून काढा.

पार्किंग मैदानाशेजारच्या गल्लीत शोधू नका. बऱ्याच शहरांत मॅचच्या दिवशी तिथे फक्त रहिवाशांना परवानगी असते आणि बँक हॉलिडे (सार्वजनिक सुट्टी) आहे म्हणून सूट मिळेल असं नाही. खांबावरची पाटी नीट वाचा. एखादी शाळा किंवा चर्च आपलं आवार दहा-एक पौंडांत देतं. पंधरा-वीस मिनिटं चाल पडते, पण सुटताना तुम्ही गर्दीच्या बाहेर असता.

निघायच्या सकाळी

आधी क्लबच्या साइटवर मॅच होते आहे ना ते बघा. प्रीमियर लीगच्या मैदानांत गवताखाली उष्णता देणारी व्यवस्था असते, खालच्या लीगांत सगळीकडे नसते. पाळा पडला तर सकाळी पंच मैदान तपासतात आणि मॅच पुढे ढकलली जाते. तिकिटाचं काहीतरी होतं, प्रवासाचे पैसे बुडतात.

डिजिटल तिकीट घरीच फोनच्या वॉलेटमध्ये उतरवून घ्या. हजारो लोक जमले की मैदानाबाहेर नेटवर्क बसतं. थंडीत बॅटरी भराभर उतरते, पॉवर बँक खिशात हवी. बॅग शक्यतो नको, न्यायचीच तर ए-४ कागदाएवढी. थर्मास आणि बाटल्या बऱ्याच मैदानांत आत सोडत नाहीत, तेव्हा चहा गाडीत किंवा कोचमध्येच पिऊन घ्या. दशम्या किंवा पोळीचा रोल असलेला उत्तम; मैदानात मिळणारी ‘पाय’ (सारण भरून भाजलेली पेस्ट्री) गरमागरम असते पण शाकाहाऱ्यांसाठीची बहुतेक मध्यंतराआधीच संपते. कपड्यांचं एकच सांगतो : जॅकेटपेक्षा बुटांवर पैसे खर्च करा. दोन तास सिमेंटवर उभं राहायचं असतं, कारण खुर्च्या असल्या तरी अवे एंडला कोणी बसत नाही, आणि थंडी तळपायातून वर चढते.

मैदानापाशी, आणि परत

क्लबचा स्कार्फ गावात शिरताना जॅकेटच्या आत. पबच्या दारावर ‘फक्त यजमान चाहते’ अशी पाटी असेल तर पुढे चला, वाद घालू नका. अवे एंडचं दार बहुतेक वेळा मैदानाच्या पार दुसऱ्या टोकाला असतं. पाऊण तास आधी तिथे असा. आत गेल्यावर बिअर मिळते, पण मैदान दिसेल अशा जागी ती नेता येत नाही, स्टँडखालच्या कॉनकोर्समध्येच (येण्याजाण्याच्या मोकळ्या जागेत) संपवायची.

कोचने आला असाल तर उतरताच दोन फोटो काढा : नंबरप्लेटचा, आणि कोच उभा आहे तिथल्या एखाद्या खुणेचा. मॅचनंतर अंधारात एकामागोमाग दहा-बारा पांढरे कोच इंजिन चालू ठेवून उभे असतात, काचा वाफेने धुरकटलेल्या, आणि आतला एकही चेहरा ओळखू येत नाही. शिटी वाजल्यावर कोच साधारण अर्ध्या तासात हलतात. उशीर होणार असेल तर कोचवरच्या स्टुअर्डला फोन करा. तो नंबर सकाळीच घेऊन ठेवलेला असावा. एवढं करूनही कोच चुकलाच, तर रेल्वे स्टेशनकडे धावू नका, ते कुलूपबंद असतं. अवे एंडच्या स्टुअर्डला किंवा पोलिसाला सांगा; तुमच्याच क्लबच्या दुसऱ्या कोचमध्ये बहुधा एखादी सीट मिळते.

जास्तच लांबची मॅच असेल तर मुक्काम करा. २४ ला दुपारच्या आत रेल्वेने पोचायचं, २७ ला परतायचं. साखळी हॉटेलं ख्रिसमसलाही बऱ्याच ठिकाणी उघडी असतात, मात्र स्वयंपाकघर बंद असू शकतं आणि २५ ला मोठी दुकानं कायद्यानेच बंद. त्या दिवसाचं खाणं २४ लाच घेऊन ठेवा. परतीचं २७ चं रेल्वे तिकीट दुपारनंतरचं काढा, सकाळच्या पहिल्या गाडीचं नको.

यानंतर लगेच येणाऱ्या १ जानेवारीच्या मॅचचं पुन्हा वेगळं. त्या दिवशी इंग्लंडमध्ये गाड्या असतात, पण तुरळक, रविवारच्यासारख्या उशिरा सुरू होणाऱ्या. स्कॉटलंडमध्ये २ जानेवारीलाही बँक हॉलिडे असतो, तेव्हा तिकडे जाणार असाल तर दोन्ही दिवसांची वेळापत्रकं तपासून घ्या.